चुइंगमचा गुण

सरोजिनीच्या लग्नाची सुपारी फोडायला पावणे आले आणि तात्यांच्या छातीत धडधड सुरू झाली. लेकीनं बापाच्या हातावर चुइंगम ठेवलं. "चघळा तात्या, काळजी पळती म्हणं."

वरबापानं स्कूटर मागितली, तोवर चुइंगम तात्यांच्या नव्या कवळीला असं चिकटलं की जबडाच उघडेना. जन्मभर 'व्हय पावणं' म्हणणारा माणूस नुसता डोळे वटारून बसला. मग धडधड वरबापाला सुरू झाली. स्कूटरची सायकल झाली, सायकलीचं घड्याळ झालं, आणि शेवटी निव्वळ मुलगी-नारळावर सुपारी फुटली.

पान थुंकायला व्याही मोरीकडं गेले, तर तिथं तात्या कवळी हातात घेऊन चुइंगम खरवडत होते.



व्याही हळूच म्हणाले, "कुठं मिळतंय वो हे? आमच्याबी दोन पोरी उजवायच्या हायत्या."