बेचाळीस यार्ड

“काका, तुम्ही एक्स्पर्ट. यातलं कुठलं घ्यायचं?” राजसने शिकारीच्या सामानाच्या दुकानात काउंटरवरची दोन यंत्रं गुरुनाथपुढे सरकवली आणि गुरुनाथच्या अंगाचा तिळपापड झाला.

एक तर काका. शेजारी उभा असलेला मित्र प्रताप गुरुनाथहून दोनच महिन्यांनी लहान, पण त्याला हा पोरगा ‘दादा’ म्हणायचा. आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून अमेरिकेत, अ‍ॅशबर्नच्या ऑफिसात आला काय, प्रतापच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसला काय, आणि आता शिकार कशी करावी हेही शिकवायला लागला. म्हणे लेझर रेंजफाइंडर घ्या, बटण दाबलं की हरीण किती यार्डांवर आहे ते कळतं.

आजवर ते गुरुनाथ सांगत होता. सहा वर्षं, दर ऑक्टोबरात, एकाच झाडावरच्या मचाणावर दोघं शेजारी बसायचे. हरीण दिसलं की गुरुनाथ कानाशी पुटपुटायचा, ‘सव्वीस’, आणि प्रताप त्या हिशेबाने धनुष्य ताणायचा. गुरुनाथने स्वतः कधी बाण सोडला नाही. त्याच्याकडे नजर होती. लहानपणी कराडला विटी किती दांडूंवर पडली ते तो न मोजता सांगायचा, आणि खोटं पाडायला म्हणून मोजायला गेलेले तोंड पाडून परत यायचे.

आता त्या नजरेची जागा बटण घेणार. आणि बटण दाबायला मचाणावर कोण बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

“छोटं घ्या,” गुरुनाथ म्हणाला. “स्वस्त आणि मस्त.”

काउंटरमागच्या दाढीवाल्याने नुकतंच समजावलं होतं, की छोटं यंत्र मध्ये येणारी फांदीच मोजून मोकळं होतं; मोठं मात्र फांद्या, पानं सोडून मागचं हरीण मोजतं. गुरुनाथने ते नीट ऐकलं होतं. म्हणूनच तो छोटं म्हणाला.

“मोठं बघू,” प्रताप म्हणाला आणि गुरुनाथकडे न बघता त्याने ते उचललं.

गुरुनाथला ते झोंबलं. “बघा, बघा. मागच्या दोन सीझनला दोन हरणं घालवली, ती काय माझ्या आकड्याने? आकडा मी बरोबर दिला, हात याचा हलला. हात धरून ठेवायचं मशीन मिळतं का विचार, राजस.”

हा टोमणा तो गेलं वर्षभर प्रत्येक पॉटलकच्या जेवणाला मारत होता. लोक हसायचे. प्रतापही हसायचा. आत्ताही हसला.

“माझाच हात हलला, बाबा.”

“मग होऊन जाऊ दे मॅच,” राजस म्हणाला. “काका व्हर्सेस मशीन!”

दाढीवाल्याने प्रतापचं लायसन्स ठेवून घेतलं आणि तिघं यंत्र घेऊन पार्किंग लॉटमध्ये आले. राजसने पार टोकाच्या स्टॉप साइनकडे बोट दाखवलं. गुरुनाथने डोळे बारीक केले. दोन हजार सातचा सीझन तीन दिवसांवर आला होता. इथे चुकलो तर शनिवारी मचाणावर आपण नाही, हे त्याला स्वच्छ माहीत होतं.

“बेचाळीस यार्ड.”

प्रतापने यंत्र डोळ्याला लावून बटण दाबलं. आकडा आतल्या भिंगात यायचा, फक्त बघणाऱ्याला दिसायचा. मग पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

“बेचाळीस,” तो म्हणाला.

“तो दिव्याचा खांब. अठ्ठावीस.”

“अठ्ठावीस.”

“सही!” राजस ओरडला. “काका, मानलं यार!”

गुरुनाथला आभाळ ठेंगणं झालं.

“मग कशाला हवंय मशीन?” प्रताप म्हणाला. “चला, परत देऊन येऊ.”

“दे इकडे,” गुरुनाथने ते त्याच्या हातातून ओढून घेतलं. “हरलेल्याचं तोंड तरी बघू दे.”

“अरे, राहू दे ना,” असं प्रताप म्हणेपर्यंत त्याने स्टॉप साइनवर नेम धरून बटण दाबलंही होतं.

एक्कावन्न.

पुन्हा दाबलं. एक्कावन्न. यंत्र यार्डातच मोजतंय ना, तेही पाहिलं. यार्डातच मोजत होतं. मग खांबावर धरलं. चौतीस.

बेचाळीसच्या हिशेबाने सोडलेला बाण एक्कावन्नवरच्या हरणाच्या पोटाखालून जातो, हे सहा वर्षं मचाणावर बसलेल्याला कोणी सांगायला नको होतं.

“काय काका, तेच येतंय ना?” राजसने विचारलं.

“तेच येतंय,” गुरुनाथ म्हणाला आणि एकटाच दुकानात गेला. बाहेर आला तेव्हा एका हातात प्रतापचं लायसन्स होतं आणि दुसऱ्या हातात मोठ्या यंत्राचं खोकं.

“तुम्ही घेतलंत?” राजस चाट पडला. “तुम्हाला कशाला हवंय, काका?”

गुरुनाथचं तिकडे लक्ष नव्हतं. “प्रताप,” तो म्हणाला, “मागच्या वर्षी त्या ओढ्यापाशी मी किती सांगितलं होतं रे?”

“बरोबर सांगितलं होतंस,” प्रताप म्हणाला. “माझाच हात हलला.”

गुरुनाथने खोकं पुढे केलं. ते घ्यायला प्रतापने हात लांब केला. हात जराही हलत नव्हता.