तांब्याची हातोडी

उताराच्या दुसऱ्या वळणावर आवाज आला. टक्. डॉक्टरांनी पाय उचलला की टक्, परत दाबला की टक्.

"अहो, काय वाजतंय हे?"

"गाडी आहे, वाजणारच. मुकी गाडी हवी असेल तर लेकीची आहे की."

दातांचे डॉक्टर अगदी खुशीत होते. छत उघडं, टोपी कपाळावर ओढलेली, समोर हिरवंगार लांबलचक बॉनेट. दोनच माणसांची ही जुनी विलायती गाडी इतकी बुटकी, की बसल्या जागेवरून हात खाली सोडला तर रस्त्याला लागेल. "ऐक, ऐक," गिअर खाली घेत ते म्हणाले, "कशी घसा मोकळा करून गाते बघ!" इंजिन खरंच गायलं. डॉक्टरीणबाईंना ते गाणं चाळीस वर्षं आवडत आलं होतं. आज मात्र त्यांचे कान त्या टक्-टक्कडेच होते. आवाज डावीकडच्या पुढच्या चाकातून येत होता, आणि डावीकडे दरी होती.

पण चाकं तर ठोकली होती! सकाळी स्वयंपाकघरातून त्यांनी स्वतः ऐकलं होतं. या गाडीच्या चाकाला चार-पाच नट नसतात. मधोमध एकच मोठा नट, त्याला दोन कान. त्या कानांवर तांब्याच्या हातोडीनं हाणलं की चाक घट्ट. निघण्याआधी चारही चाकं ठोकायची, हा डॉक्टरांचा नेम. आज तीन चाकं झाली आणि मध्येच लेकीचा फोन आला. ती बाबांशी बोलली, मग तिनं आईला फोनवर बोलावलं. "आई, आता बाबांची एक जरी गडबड दिसली तरी मला सांगायचं. मी येऊन किल्ली घेऊन जाणार. त्यांच्या हातात गाडी नको." फोन ठेवला, आणि बाहेर पुन्हा ठण ठण सुरू झालं. चारही चाकं वाजली. मग हे काय?

"थांबवा गाडी."

"इथे?"

"मळमळतंय मला. थांबवा म्हणते ना!"

ब्रेक लागला तशी गाडी पुढून थरथरली. रस्ता जरा रुंद होता तिथे डॉक्टरांनी ती बाजूला घेतली. बाई उतरल्या, गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी नटाचा कान धरला. तो फिरला. त्यांच्या हातानं, बरणीच्या झाकणासारखा सहज फिरला.

मग त्यांना डाग दिसला. चकचकीत कानावर तांब्याचा ताजा लालसर डाग, आणि तो नको त्या बाजूला. डाव्या चाकाचा नट एकीकडे फिरवून घट्ट होतो, उजव्या चाकाचा बरोबर उलटा. पूर्वी नटांवर बाण कोरलेले होते, पण डॉक्टरांनी लाडानं पॉलिश करकरून ते कधीच झिजवून टाकले होते. त्यांना कशाला हवे होते बाण? आज फोन ठेवून ते परत आले आणि राहिलेल्या या डाव्या चाकाला उजव्यासारखं हाणलं. अगदी मन लावून, जोर लावून सैल केलं.

"काय गं, बरं वाटतंय का?" डॉक्टर मागे येऊन उभे राहिले. वाकले. डाग बघून त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "कुठल्या गाढवानं केलं हे?"

बाईंनी वर बघितलं. ते थट्टा करत नव्हते. दरीच्या कडेला बसून बाईंना जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी आता वाटली.

"मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही फोनवर होतात ना, तेव्हा. म्हटलं तेवढीच मदत."

"मदत? जीव गेला असता दोघांचा! चाळीस वर्षं बघतेस, तरी एवढं कळू नये? अक्कल गहाण ठेवली होतीस का?"

बोला, बाई मनात म्हणाल्या, हवं तेवढं बोला. डॉक्टर तणतणत गेले, सीटमागून हातोडी काढून आणली, पाय रोवून उभे राहिले आणि हातोडी उचलली.

ती वरच राहिली. डॉक्टरांनी नटाकडे बघितलं. एका कानाकडे, मग दुसऱ्याकडे. हातोडी जराशी इकडे झाली, जराशी तिकडे.

"इकडून," बाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी बोट लावून दाखवलं.

त्यांनी हाणलं. ठण. पुन्हा हाणलं, पुन्हा पुन्हा, दम लागेपर्यंत. मग ते डावीकडचं दार उघडून बाईंच्या जागेवर बसले आणि त्यांनी किल्ली पुढे केली.

"चालव तू."

"मी? अहो, हिच्या स्टिअरिंगला मी कधी हात तरी लावलाय का?"

"तूच सैल केलंस ना चाक? मग तूच ने घरी." बोलताना त्यांनी बाईंकडे बघितलं नाही.

बाईंनी गाडी सुरू केली. इंजिन गायला लागलं, पण डॉक्टर 'ऐक' म्हणाले नाहीत. ते हातोडी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते.

वळण आलं. बाईंनी पाय उचलला. दोघांनीही कान टवकारले.

"नाही वाजत," बाई म्हणाल्या. "घट्ट बसलंय अगदी. आता भ्यायचं काही कारण नाही."

"चाकाला कोण भितंय गं," डॉक्टर म्हणाले.