गादीच्या जाहिरातीचा ठेका

“तो ढुम्म काढा,” गादीवाले साहेब म्हणाले.

संगणकापाशी बसलेल्या ठोक्याने (सदा ठेके रचायचा, म्हणून हे नाव) चमकून मागे वळून बघितलं. त्या ढुम्मवरच तर सगळा डोलारा उभा होता! संगणकाच्या पडद्यावर चौकोनांच्या रांगा होत्या. एक रांग ढुम्मची, एक टाळ्यांची, एक झांजेची, एक खुळखुळ्याची. ज्या चौकोनावर टिचकी मारावी तिथे तो आवाज वाजायचा. असे निरनिराळे ठेके एकावर एक रचून ठोक्याने रेडिओच्या जाहिरातीसाठी असा दणका उडवून दिला होता, की ऐकणारा खडबडून उठून बसावा. जाहिरात गाद्यांची आहे, एवढी बारीकशी गोष्ट त्याच्या डोक्यातून निसटली होती.

“काढतो ना,” तो म्हणाला. न काढून सांगतो कोणाला? जाहिरात आज पसंत पडली नाही, तर ही खोली ताईची होणार होती. तिचा शिवणाचा क्लास जिन्याखाली दाटीवाटीने चालायचा. तिने भावाला निक्षून सांगितलं होतं, “एक तरी काम मिळवून दाखव. नाहीतर तुझी ही धडामधुडूम उचल आणि माझ्या मशिनी आत येऊ देत.” आत्ताही ती दाराशी उभी होती. उभी कसली, गळ्यातली टेप काढून खुशाल खिडकीखालची भिंत मोजत होती.

ढुम्म गेला.

“या टाळ्या कोण पिटतंय? हाकला त्यांना.”

टाळ्या गेल्या. मग झांज साहेबांच्या डोक्यात जायला लागली, म्हणून झांजही गेली. खुळखुळा ठोक्याचा भारी लाडका. त्याने गुपचूप त्याचा आवाज तेवढा कमी करून पाहिला, पण साहेबांचे कान कसले तिखट! खुळखुळ्याचीही गच्छंती झाली. कोणी भूल न देता आपले दात उपटतंय, असं ठोक्याला वाटत होतं.

आता पडद्यावर एकही ठेका उरला नव्हता. तरी काहीतरी वाजत होतं. टिक, टिक, टिक, टिक.

ती संगणकाची स्वतःची टिकटिक. ठेके रचताना लय सुटू नये म्हणून ती लावतात आणि गिऱ्हाइकाला ऐकवायच्या आधी आठवणीने बंद करतात. ठोक्या विसरला होता. वर्षानुवर्षं ऐकून ऐकून त्याला ती ऐकूच येईनाशी झाली होती. आत्ता आली आणि ती बंद करायला त्याने घाईघाईने हात पुढे केला. एवढ्यात मागे खुर्ची करकरली.

वळून बघतो तर साहेबांची मान कलंडलेली, तोंड उघडं. खर्रर्र... फूऽऽ. खर्रर्र... फूऽऽ.

“झोपले की रे!” ताई कुजबुजली. “कंटाळून झोपले! आटोपलं तुझं.” ती हसणारच होती, पण भावाचा चेहरा बघून तिलाच कसंतरी झालं. “बरं, रडू नकोस. एक कोपरा ठेवते तुला.”

ठोक्याने टिकटिक बंद केली.

त्याबरोबर साहेब दचकून जागे झाले. “बंद का केलंत?” ते खेकसले. “अहो, जन्मभर लोकांना गाद्या विकतोय, पण माझा मेल्याचा डोळ्याला डोळा लागत नाही! आज कुठे लागत होता. हेच पाहिजे मला. पसंत!”

ठोक्याने ताईकडे बघितलं. ताई टेप गुंडाळायला लागली.

“फक्त एक सांभाळा,” साहेब जांभई देत म्हणाले. “मधूनमधून तो भारदस्त आवाज येत होता ना? आधी खर्रर्र, मग फूऽऽ? मी गुंगीत होतो, पण नीट ऐकलाय. त्याला हात लावायचा नाही. सगळी जान त्यातच आहे. तो नसला तर जाहिरात रद्द.”

ताईने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. ठोक्याने माइक आणून साहेबांच्या खुर्चीला अगदी चिकटून उभा केला, खिडकीचा पडदा ओढला आणि टिकटिक सुरू केली.

“साहेब, तेवढं परत एकदा ऐकता का?” तो हळूच म्हणाला. “डोळे मिटून, निवांत.”