वीतभर अंतर

"या धक्का मारणाऱ्या रायफलीला डोळा वीतभर लांब ठेवून दिसणारी दुर्बीण द्या," ज्योत्याजी पडेल आवाजात म्हणाला.

"गेल्या साली हेच सांगून माझा घसा कोरडा पडला, पाटील," बंदूकवाला दुकानदार बोलला.

तेव्हा ज्योत्याजीचा तोरा आभाळाला! "लांबून बघायला आम्ही काय म्हातारे?" म्हणत त्यानं साधीच घेतली, धाकट्या भावाच्या, येसबाच्या रायफलीवर हट्टानं बसवली. लांबून दिसेना म्हणून येसबानं डोळा पार दुर्बिणीला भिडवला आणि रानडुकरावर बार काढला. रायफलीच्या धक्क्यानं दुर्बीण मागं आदळली नि येसबाचा उजवा डोळा गेला.

आज येसबानं नवी दुर्बीण डाव्या डोळ्यापुढं धरली.

"दिसतंय का रं?" ज्योत्याजीनं खाली बघतच विचारलं.

"दिसतंय की, दादा. पण ही बसवणार मी. एक डोळा तुझ्या तोऱ्याला दिला, हा माझा हाय."