कडुनिंबाची गोळी

अपघातानंतर निनादच्या आठवणी नव्या शरीरात भरून दवाखान्याने त्याला घरी पाठवलं. "शरीर तुमच्या मुलाच्याच पेशींपासून वाढवलंय," असं डॉक्टर दोनदा म्हणाले होते. दोनदा का, हे यशोधराबाईंच्या मनातून जात नव्हतं.

पाडव्याला त्यांनी निनादच्या हातावर कडुनिंबाची गोळी ठेवली. त्याने तोंड वेडंवाकडं करत पाणी मागितलं.

"कडू लागली?"

"दरवर्षीच लागते ना, आई."

शेजारी अच्युतराव आपली गोळी चिवड्यासारखी चावत होते. नवराबायको दोघांनाही जन्मापासून कडू चव कळत नव्हती आणि त्यांच्या पोटच्या पोरालाही ती कधी कळली नव्हती.

यशोधराबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि शांतपणे विचारलं, "आमचा निनाद कुठे आहे हो?"