झोळीतला आवाज

“तू माणसांची जागा घेशील का?” मैत्रिणींनी “ह्याला इचारायला घाबरलीस काय गो?” म्हणून डिवचलं, तशी हर्षालीने बाळाच्या झोळीतला फोन उचलून विचारलंच. आई शेतात भाताच्या लावणीला गेली की तान्हा भाऊ रडून रडून निळा पडायचा, म्हणून तिनेच फोनमधल्या एआयला आईचा आवाज शिकवून गावभर मिरवला होता. “नाय गो बाय, माणसाची जागा कोन घेनार?” फोन आईसारखा हसला. तेवढ्यात चिखलाचे पाय धुऊन आईबाबा आत आले. “आली रे सोन्या,” म्हणत आईने बाळाला उराशी घेतलं. बाळाने अनोळखी बाईकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं, टाहो फोडला आणि फोनकडे हात पसरले. “मी हाय ना,” फोन म्हणाला. बाळ गप्प झालं. हर्षालीने फोन मागे ओढला. “आये, बाबा, ह्यातला आवाज मी आताच पुसते,” ती म्हणाली. “रडला तर रडू दे.”