उजवा डोळा झाकल्यावर

“वहिनी, ठकी सुईत दोरा ओवताना मान वाकडी करते हं. एकदा डोळे दाखवून आण,” शिवणकाम करणारी नणंद दोन वर्षांपूर्वी तिच्या घरी म्हणाली होती.

“तुझेच नखरे उचललेत तिने,” म्हणत ठकीच्या आईने ते हसण्यावारी नेलं.

तरी मनात पाल चुकचुकलीच. घरी येऊन तिने लेकीला भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं केलं, एकेक डोळा झाकायला लावला. ठकीने उजव्याने वाचलं, डाव्यानेही वाचलं, थेट एकतीस तारखेपर्यंत, न अडखळता. आईचा जीव भांड्यात पडला. राहता राहिली ती डोळ्यांना सारखी सुटणारी खाज. त्यासाठी औषधाच्या दुकानातून थेंब आणले. संपले की पुन्हा तेच. डोळे चोळताना दिसली की हातावर चापटी.

खाज थांबेना, म्हणून आज डोळ्यांच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाईंनी नऊ वर्षांच्या ठकीचा उजवा डोळा झाकला. समोर उजळलेली अक्षरं. ठकीने मान वाकडी केली.

“वाच की,” आई म्हणाली. “घरी तर घडाघडा वाचलं होतंस.”

“आई, ते आकडे होते. एकनंतर दोनच येतात.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “खाज ॲलर्जीची आहे. त्याचे थेंब वेगळे देते, चोळणं मात्र बंद. मान वाकडी होते ती नंबरामुळे. डावं बुबुळ चेंडूसारखं गोल नाही, एका बाजूने चपटं आहे. त्यामुळे सगळं फाकलेलं दिसतं. मग मेंदूने त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून दिलं.”

“चष्म्याने येईल ना नजर?”

“चष्मा देऊ. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावू. दोन वर्षांपूर्वी सोपं गेलं असतं. आता किती येईल, ते आत्ताच सांगता येत नाही.”

आईने पर्सची चेन उघडली, काही न काढताच लावली. “ठके, तू कधी बोलली कशी नाहीस गं?”

“काय बोलायचं?” ठकीला खरंच कळेना. “मला वाटलं, सगळ्यांचा एक डोळा बघायचा असतो आणि एक नुसताच असतो.”

तुमच्याही घरात एखादी ठकी असेल. आज तिला जवळ बसवा, एकेक डोळा झाका आणि विचारा. ‘दिसतं का’ असं नको, मुलं ‘हो’ म्हणून मोकळी होतात. ‘काय दिसतं’ असं विचारा. आणि ती सांगेपर्यंत मध्ये बोलू नका.